नातीच्या पोटातलं तांबं

आबा, काल मी दवाखान्यात चक्क टाळ्या पिटल्या. पंचेचाळीस वर्षांची बाई उड्या मारते म्हणून बाहेर बाकावर बसलेली माणसं वळून वळून बघायला लागली. बघू देत! तुमच्या नातीचं यकृत काल यंत्राच्या पडद्यावर काळोखात गेलं, आणि इतकी चांगली बातमी आपल्या घरात कित्येक वर्षांत आली नव्हती. घाबरू नका, नीट सांगते. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, तुम्ही तिचा जन्मही पाहिला नाहीत, तर तिचं दुखणं तुम्हाला कुठून माहीत असणार.

ती एकोणीस वर्षांची आहे. कॉलेजात जाते, आणि लग्नसराईत आपल्या गोडादरा वस्तीतल्या निम्म्या नवऱ्या तिच्याकडूनच मेंदी काढून घ्यायच्या. दोन वर्षांपूर्वी मेंदीचा कोन तिच्या हातात थरथरायला लागला. मी म्हटलं, मोबाइल कमी बघ. मग डोळे पिवळे झाले, तेव्हा कुठे मी जागी झाले. आपल्या अन्नात थोडं तांबं असतं, आबा. शरीर लागेल तेवढं घेतं आणि उरलेलं बाहेर टाकतं. हिचं यकृत टाकतच नाही, साठवत बसतं, आणि साठा वाढला की ते मेंदूत शिरतं. विल्सनचा आजार म्हणतात. आईबापाकडून येतो, निम्मा माझ्याकडून, निम्मा तिच्या पप्पांकडून. माझा वाटा तुमचा की आईचा, ते सांगायला आता तुम्ही दोघंही नाही. पहिलं औषध तिच्या किडनीला सोसलं नाही, म्हणून जस्ताच्या गोळ्या सुरू केल्या. जस्त आतड्यातच तांब्याची वाट अडवतं. तेही लागू पडलं नाही तर काय, असं मी विचारलं तेव्हा डॉक्टरबाईंनी यकृत बदलण्याचं नाव काढलं.

गोळी आत काय करते आहे हे बाहेरून कळायचं कसं? त्यासाठी एक नवी तपासणी आहे. चिमटीतही धरता येणार नाही इतकं थोडं किरणोत्सर्गी तांबं पाण्यातून प्यायला देतात, आणि काही तासांनी यंत्रात झोपवून ते कुठं कुठं पोचलं ते बघतात. पोचलं असेल तिथे पडद्यावर उजेड दिसतो. हे तांबं बाहेरगावाहून गाडीने येतं आणि अर्ध्या दिवसात निम्मं विझून जातं, म्हणून गाडीला उशीर झाला की सगळे दवाखान्याच्या फाटकाकडे डोळे लावून बसतात. 'किरण' म्हटल्यावर तिच्या पप्पांचा चेहरा पडला. मला मात्र हसू आलं, कारण हे मी आधी पाहिलं होतं. मी आठ वर्षांची आहे, गल्लीत घरोघरी कावीळ, नळाच्या पाण्याला वास, आणि पाइप शाबूत आहे म्हणून म्युनिसिपालिटीचे साहेब हात झटकतात. तुम्ही सचिन गावच्या तुमच्या कापड रंगवायच्या मिलमधून लाल रंगाची पुडी आणता, आधी घरोघरी फिरून नळाचं पाणी पिऊ नका म्हणून सांगता, आणि पुडी गटारीत सोडता. थोड्या वेळाने आमच्या नळाला गुलाबी पाणी! "दखा, आठेच फुटेल शे," म्हणून तुम्ही जिथे पाइप फुटलाय ती गटारीशेजारची जमीन पायाने ठोकता, आणि अख्खी गल्ली तुमच्यामागे ओरडते. मी तिच्या पप्पांना म्हटलं, आबांनी गटारीत रंग सोडला होता, हे डॉक्टर पोरीच्या पोटात सोडताहेत, एवढाच फरक.

गोळ्या सुरू करण्याआधीच्या तपासणीत यकृत दिवाळीतल्या घरासारखं उजळलेलं होतं. सहा महिने गोळ्या घेतल्यावर पुन्हा तपासलं, तर तसंच लखलखीत. डॉक्टरबाईंनी दोन्ही चित्रं पडद्यावर शेजारी लावून पाहिली. मग माझ्याकडे वळून त्यांनी गुजरातीत विचारलं, गोळी कधी देता.

"बेन, गोळी क्यारे आपो छो?"

"भाकरी साथे," मी म्हटलं.

त्यांनी कपाळावर हात मारला. भाकरीबरोबर दिली की जस्त अन्नातच अडकून बसतं, आतड्याला लागतच नाही. गोळी चांगली होती, पोरगी चांगली होती. वाट अडवणारा पहारेकरीच माझ्या भाकरीत गुरफटला होता. "कोणे कह्युं एवुं?" त्यांनी विचारलं. मला तुम्ही आठवलात. दहा वर्षांची मी तापात नुसत्या पाण्याबरोबर गोळी गिळायला निघाले, आणि तुम्ही मिलच्या पाळीवरून येऊन रंगाने माखलेल्या हाताने माझं मनगट धरलंत. "उपाशी पोटे गोयी खावानी नही! पहिले भाकर खाय, माय." भाकरीचा तुकडा दुधात कुस्करून तुम्ही स्वतः भरवलात, आणि त्या तुकड्याच्या कडेला तुमच्या बोटांचा निळा रंग लागला होता. तेव्हापासून आपल्या घरात एकही गोळी रिकाम्या पोटी गेली नाही. मी म्हटलं, "मारा बापुजीए."

मग वेळ बदलली. सकाळचा नाश्ता झाल्यावर दोन तासांनी गोळी, पुढे तासभर काही नाही, असंच पुढच्या दोन्ही गोळ्यांचं. घरी साड्यांना लेस लावायचं काम करताना माझं सगळं लक्ष घड्याळाकडे. पोरगी वैतागायची, "मम्मी, तू तर पोलीसच झाली!" आणि काल तिसरी तपासणी. तिने तांबं प्यायलं, तेच यंत्र, तोच पडदा, आणि जिथे लखलखाट असायचा तिथे नुसती मिणमिण! तांबं आतड्यातच अडकलं होतं. गोळी काम करते, आबा! डॉक्टरबाई म्हणाल्या, साठलेलं निघायला वेळ लागेल, हात सावरायलाही वेळ लागेल, पण नवं आत जात नाही. पोरगी यंत्रावरून उतरली आणि तिने माझे गाल धरून हलवले. तिचे हात अजून थरथरत होते, आणि मला रडू आवरेना.

आता जे कुणालाच सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते. जस्ताच्या गोळ्या देताना सिस्टरने पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं, "खाली पेट देना, खाने के साथ नहीं." पोरगी तेव्हा रक्त द्यायला आत गेली होती. मी मान डोलावली. दोन दिवस सकाळी उठल्याउठल्या तशीच दिली, आणि दोन्ही दिवस ती भडाभडा ओकली. तिसऱ्या दिवशी मी भाकरीबरोबर दिली. ती ओकली नाही, हसत कॉलेजला गेली, आणि ते बघून मला इतकं बरं वाटलं की मी दवाखान्यात एक शब्द बोलले नाही. एक फोन केला असता तर तेव्हाच वेळ बदलून मिळाली असती. सहा महिने तिच्या यकृतात तांबं जात राहिलं ते माझ्यामुळे. डॉक्टरबाईंनी विचारलं तेव्हा तोंडात आलं ते तुमचं नाव, कारण तुम्ही काही उलटून बोलणार नव्हतात.

आज सकाळी पोरगी तुमच्या फोटोसमोर उभी राहून म्हणाली, "काय आबा, तुमच्या भाकरीने मला मारलंच असतं की!" आणि खदखदून हसली. आबा, मीही तिच्याबरोबर हसले.