कल्लप्पांच्या गाडीतला गारवा

३ मे १९७६, सोमवार

आजपासून रोजनिशी नियमित. गेल्या वर्षीची जानेवारीतच बंद पडली, पण त्याला शाईचा दर्जा कारण होता.

कल्लप्पाशेठची अमेरिकन गाडी आज आतून पाहिली. शेठचा अक्कलकोट रोडला टॉवेलचा कारखाना. माणूस हौशी. मुलीच्या लग्नासाठी म्हणून मुंबईच्या कुठल्याशा वकिलातीतून ही गाडी उचलली. लांबी माझ्या दुकानापेक्षा जास्त. आत एअर कंडिशनर, तोही ऑटोमॅटिक. हवं ते टेंपरेचर लावून ठेवायचं, किती गार करायचं ते गाडीच ठरवते. सोलापुरात अशी दुसरी गाडी नाही. ती समजू शकेल असा दुसरा माणूसही नाही. रेडिओ आणि पंखे दुरुस्त करतो म्हणून लोक मला रेडिओवाला समजतात, तो त्यांचा प्रश्न.

आजचं काम किरकोळ. शेठच्या आई गंगम्मा यांना डॅशबोर्डवर सिद्धेश्वराचा फोटो हवा होता आणि त्याच्यापुढे दिवा. डॅशबोर्डच्या बरोबर मधे एक बारीक जाळी आहे. शोभेची असावी. फोटोच्या आकड्या तिच्यात आयत्या अडकल्या. खाली पितळी कोंदणात ब्रेक लाइटचा बल्ब बसवला. चावी फिरवली की देव उजळतो. गंगम्मा म्हणाल्या, विरुपाक्षा, हातात कला आहे की रे तुझ्या.

वाक्य विसरू नये म्हणून लिहून ठेवलं.

८ मे, शनिवार

गाडीत बिघाड. शेठचा निरोप आला तेव्हा जेवत होतो. तसाच उठलो. (गिरिजा म्हणाली, आमटी गार होईल. तिला मी जे सांगितलं ते इथे लिहीत नाही, कारण तिने ते ऐकलंच नाही.)

तक्रार अशी: गाडी गार होते ती होतच राहते. ड्रायव्हर सिद्धप्पा म्हणाला, लई गार हाय वो, हाताला स्टिअरिंग कळंना. बाहेर सोलापूरचा मे महिना, आणि हा पठ्ठ्या कानटोपी घालून.

शेठना सांगितलं, दोष सेन्सरचा. अशा गाडीत दोन सेन्सर असतात. एक आतली हवा किती गरम ते बघतो, दुसरा बाहेरची. त्यांच्या सांगण्यावरून यंत्र चालतं. त्यांनी खोटं सांगितलं की यंत्र फसतं. शेठ म्हणाले, मुंबईहून माणूस बोलवू का. मी फक्त हसलो. हसणं शेठना समजलं.

मग मुख्य गोष्ट. तेवीस तारखेला लग्न. गुलबर्ग्याहून येणाऱ्या नवऱ्या मुलाला स्टेशनवरून कार्यालयापर्यंत याच गाडीतून आणायचं, पुढे बँड. शेठ म्हणाले, गाडी नीट झाली तर विरुपाक्ष, पुढच्या सीटवर तुम्ही. नाही झाली तर साधी गाडी आणू, आणि तिच्यात मेव्हणा बाळासो बसेलच.

बाळासो बसेल म्हणे.

गाडी अमेरिकन असल्यामुळे स्टिअरिंग डावीकडे. म्हणजे पुढची मानाची सीट उजवीकडे, आपल्याकडे जिथे चालवणारा बसतो तिथे. स्टेशनपासून कार्यालयापर्यंत अख्ख्या गावाला वाटेल की एवढी गाडी मीच चालवतोय. हा विचार माझ्या मनात आला नव्हता, गिरिजाच्या आला. मी फक्त नाकारला नाही.

११ मे, मंगळवार

मॅन्युअल मिळालं. इंग्रजी. चिंता नाही. डिक्शनरी मी स्वतः पाठ केली आहे, ए पासून एम पर्यंत. दुर्दैवाने या पुस्तकातले बरेच शब्द एमच्या पुढचे आहेत.

दोन्ही सेन्सर काढून घरी आणले. बाहेरचा गाडीच्या नाकावरच्या मोठ्या जाळीमागे होता. आतला डॅशबोर्डच्या पोटात, देवाच्या फोटोच्या जाळीला अगदी चिकटून. हातमोज्यांच्या कप्प्यातून हात घालून, न बघता, केवळ बोटांनी काढला. मुंबईच्या माणसाला हे जमलं नसतं.

१२ मे, बुधवार, सकाळी

शास्त्रीय परीक्षा. एका पातेल्यात गरम पाणी, दुसऱ्यात बर्फ. सेन्सर बुडवायचा, मीटर लावायचा, आकडा बघायचा.

धक्कादायक. गरम पाण्यात आकडा उतरतो, बर्फात चढतो. दोन्ही सेन्सरचं हेच. गरम झाल्यावर वाढायला नको? लोखंड वाढतं, पारा वाढतो, माणसाचा आवाजसुद्धा वाढतो. दोन्ही सेन्सर उलटे निघाले.

गिरिजाला तिचं पातेलं परत हवं आहे. संशोधनाला या घरात पातेलं मिळत नाही.

दुपारी

मॅन्युअलमधला तक्ता पाहिला. त्यातही आकडे उलटेच. छपाईची चूक. लाल पेन्सिलीने दुरुस्त केली आणि समासात सही केली, म्हणजे पुढच्या वाचणाऱ्याची दिशाभूल नको.

१६ मे, रविवार

चार दिवस विचार केला. उलट्याचं सुलट करायचं तर वायरी उलट्या जोडायच्या. सगळ्या मोठ्या गोष्टी अशाच सोप्या असतात.

काम करताना देवाच्या दिव्याची वायर कोपराला अडत होती, ती सोडवून ठेवली. फोटो गंगम्मा घासायला घेऊन गेल्या. सेन्सर परत बसवले, वायरी उलट्या केल्या. सिद्धप्पाला म्हटलं, घे होटगीपर्यंत.

यश. संपूर्ण यश. होटगीला जाऊन येईपर्यंत गाडीत हवा अशी, की जणू महाबळेश्वर. (मी महाबळेश्वर पाहिलेलं नाही, पण हवा ओळखू येते.) सिद्धप्पाने कानटोपी काढली. मी मागे वळून पाहिलं तर शेठ झोपले होते.

बाळासो फाटकात उभा होता. त्याला म्हटलं, तुमी चालत येणार की टांग्यात? तो म्हणाला, बघू की. ‘बघू की’ म्हणताना आवाज पडला होता.

२२ मे, शनिवार

उद्या लग्न. आज गाडी धुतली. फोटो जाळीवर परत बसवला. दिवाही जोडला. आणि गंगम्मांना न सांगता एक भेट: एकाऐवजी दोन बल्ब. लग्नाच्या दिवशी देव जास्त उजळायला हवा.

सिद्धप्पा म्हणाला, पुन्यांदा एक चक्कर मारूया का. मी नको म्हटलं. स्वतःच्या कामावर शंका घ्यायची सवय मला नाही.

उद्याचे नियम सिद्धप्पाकडून वदवून घेतले. एक, एअर कंडिशनरच्या बटणाला हात लावायचा नाही. दोन, काच कोणीही उघडायची नाही. बाहेरची हवा आत आली की सेन्सर गोंधळतात.

रेशमी फेटा इस्त्री केला. उजवा हात काचेबाहेर ठेवायचा होता, पण नियम माझाच.

२३ मे, रविवार, रात्री

थोडक्यात लिहितो.

स्टेशनवर सगळं उत्तम. नवरा मुलगा बाशिंग बांधून मागे बसला, शेजारी त्याची आई कमलम्मा आणि एक काका. मी उजवीकडे. पुढे बँड. बँडमुळे गाडी मुंगीच्या चालीने.

पहिल्या चौकात काका म्हणाले, छान गार आहे. दुसऱ्या चौकात काका गप्प. तिसऱ्यात बाशिंगाचे मणी वाजायला लागले. मला वाटलं बँडच्या तालावर. मागे वळून पाहिलं तर मुलाचे दात वाजत होते.

सिद्धप्पा म्हणाला, बंद करू का वो. मी म्हटलं, ऑटोमॅटिक आहे, ते स्वतः बंद होईल. कमलम्मा काच उघडा म्हणाल्या. त्यांना सेन्सरबद्दल समजावून सांगितलं. त्या कानडीत काहीतरी म्हणाल्या. कानडी मला येतं, पण ते लिहिण्यासारखं नव्हतं.

शेवटी सिद्धप्पाने गाडी थांबवली. मागून येणाऱ्या कारखान्याच्या टेंपोत आहेराच्या चादरी होत्या, त्यातल्या चार उपसून आणल्या. नवरा मुलगा, कमलम्मा, काका, सगळे चादरीत. चौथी मी घेतली. केवळ त्यांना संकोच वाटू नये म्हणून.

कार्यालयाशी बेचाळीस डिग्रीच्या उन्हात नवरा मुलगा बाशिंगासकट चादर पांघरून उतरला. गुलबर्ग्याच्या पाहुण्यांनी पाहिलं. कुणीतरी म्हणालं, सोलापूरची रीत दिसते. मग मुलाच्या दुसऱ्या चुलत्याने विचारलं, आमच्या चादरी कुठायत? मामांनीही विचारलं. शेठना सगळ्या वऱ्हाडाला चादरी पांघरवाव्या लागल्या. टेंपो रिकामा झाला. मांडवात सगळी गुलबर्ग्याची मंडळी चादरीत बसून घाम पुसत होती, पण मान सोडायला कुणी तयार नव्हतं.

मी गाडीतून उतरत होतो तेव्हा कमलम्मा आल्या. मी उजवीकडून उतरलो ना. माझ्या हातात नारळ आणि टॉवेल ठेवला आणि म्हणाल्या, ड्रायव्हर, परतीला दुसरा माणूस पाठव.

बाळासोने ऐकलं.

२५ मे, मंगळवार

सिद्धप्पा दुकानात आला. गंगम्मांनी फोटो पूजेसाठी कार्यालयात काढून नेला होता, दिव्याची वायर सोडून. वऱ्हाडाला परत स्टेशनवर सोडताना गाडीत हवा एकदम बेस, असं तो म्हणाला. माझ्या दुरुस्तीला मुरायला वेळ लागला, हे उघड आहे. तसं त्याला सांगितलं. तो म्हणाला, व्हय की.

फोटो आता शेठच्या घरी राहणार. दिवा माझ्याकडे परत पाठवला.

२७ मे, गुरुवार

दिवा वाया का घालवायचा. आमच्या देव्हाऱ्यात लावला, जुन्या बॅटरीवर. फार शोभतो. गिरिजाने सकाळी देवापुढे लोण्याचा गोळा ठेवला होता. पूजा होईपर्यंत वाटीत तूप.

गिरिजा म्हणाली, दिव्याला हात लावून बघा.

लावला.

याची नोंद केलेली नाही.