मोटार दुपारीच का कण्हायची

कारंजा, १२ फेब्रुवारी १९४६

प्रिय हरिसिंग,

तू मेडशीच्या तांड्यावर परतलास त्याला आज तीन आठवडे झाले. जळालेली मोटार दुरुस्त करवून तिच्यावर तुझ्या जागी भाऊसिंगला ठेवलं. पाचव्याच दिवशी ती पुन्हा कण्हू लागली. हात लावला की चटका, आणि कापसाच्या जिनातले निम्मे दिवे मिणमिणते. माझं डोकं चालेना. सरकी काढायचे सगळे रेचे तू एकदम जोडतोस म्हणून मोटार जळाली, असं मीच मॅनेजरसाहेबांना सांगितलं होतं, आणि त्यावरून त्यांनी तुला काढलं. भाऊसिंग तर भीत भीत एकेक रेचा जोडत होता.

दोन दिवस सकाळी तिन्ही तारांना मीटर लावून पाहिला. दाब सारखाच. इंजिन ठीक, जनित्र ठीक, पट्टा ठीक. मग दोष कुठं? मोटार सोडून माझ्याच डोळ्यांवर संशय येऊ लागला. भाऊसिंग सहज बोलला, "सकायी बरी असते, जगदेवभाऊ. दुपारीच काहून कन्हते?" मी सकाळचाच मीटर पाहत होतो, हे तेव्हा ध्यानात आलं.

दुपारी सगळे रेचे चालू असताना पाहिलं. जनित्रापाशी तिन्ही तारा सारख्या, मोटारीपाशी मात्र एकीचा दाब पार उतरलेला. म्हणजे दोष मधेच कुठंतरी. इंजिन बंद करवून शिडी लावली आणि तार धरत गेलो. छताच्या टिनाखाली एक सांधा काळा पडला होता, वरची पट्टी वितळलेली. भार आला, टिन तापलं की तो ढिला व्हायचा. रात्रीतून निवला की पुन्हा बसायचा. तो नीट जोडला आणि मोटारीचं कण्हणं थांबलं.

हरिसिंग, तो सांधा माझ्या हातचा. दिवाळीनंतर हंगामाच्या घाईत कथलाचा डाग न देता नुसता पिळून ठेवला होता. "मोटार रडून राह्यली, वरतं पाय एकडाव," असं तू म्हणाला होतास. मी वर पाहिलं नाही, तुझ्याकडे बोट दाखवलं. आता मॅनेजरसाहेब म्हणतात, "चालते ना? मंग कायले उकरतं?" गप्प राहिलो तर माझी नोकरी राहते. बोललो तर काय होईल, मला खरंच कळत नाही.

मालक शनिवारी येणार आहेत. हे पत्र घेऊन ये आणि त्यांच्या हातात दे. खाली माझी सही आहे. मी तिथंच उभा राहीन.

अजून म्हणू देशील तर तुझाच,
जगदेव