भिंतीवरचा बॉम्ब

२ ऑक्टोबर, रविवार
सहा महिन्यांसाठी नेमलेले दोघे नवे राष्ट्रप्रमुख खुर्चीवर बसले, या म्हातारीला मात्र कुणी खुर्ची दिली नाही. आज लोकांनी त्यांना अर्ज द्यायचा दिवस. आमचं इवलंसं सान मारिनो, सगळा देश लोटलेला. रांगेत माझ्यापुढचा गटारासाठी रडत होता. माझा अर्ज साऱ्या जगासाठी: मोठ्या देशांनी अणुबॉम्ब मोडीत काढावेत, असं आपण ठणकावून सांगावं, त्यांना बंदीच्या करारावर सही करायला लावावी. वजन पडावं म्हणून खाली लिहिलं, बॉम्ब मला कळतो, महायुद्धातला एक माझ्या अंगणाच्या भिंतीवरच आहे. नाताळपर्यंत रशिया-अमेरिका वळणावर येतील.

९ ऑक्टोबर
सकाळीच शेजारच्या सेत्तिमियोचं तोंड दिसलं. दिवस फुकट. माझा नवरा प्रीमो वारला त्या वर्षी मी बॉम्बचं तोंड याच्या घराकडे फिरवलं. तेव्हापासून माझ्या अंजिरांना हात लावायची त्याची छाती नाही. तरी निम्मी कमी होतातच. पाखरं. पाखरांना बॉम्बची अक्कल कुठली.
सूनबाई लोरेत्तानं अंजिरांचा मुरांबा आणला. झकास. तोंडावर सांगणार नाही, शेफारेल.

२७ ऑक्टोबर
अर्ज वाचून पोलीस आले. वाटलं जगाचं विचारतील, विचारलं भिंतीचं. बॉम्ब द्या म्हणे. म्हटलं, माझा वेगळा, तो वापरायला नाही, नुसता धाकाला. आणि आधी सेत्तिमियोनं माझ्या भिंतीला टेकवलेली त्याची शिडी मोडावी, मग बघू.
पोलीस म्हणाला, "आजी, मोठे देशही हेच म्हणतात."
त्याला राजकारणातलं ओ की ठो कळत नाही.
बॉम्ब जाईपर्यंत नातीला आणणार नाही, असं लोरेत्ता म्हणाली. येईल झक मारत.

६ नोव्हेंबर
आली नाही.

१३ नोव्हेंबर
पोलिसांना हो म्हटलं. नातीसाठी. घाबरून नव्हे.

१५ नोव्हेंबर
इटलीहून बॉम्ब निकामी करणारे जवान आले. गल्ली रिकामी केली. मी आणि सेत्तिमियो चर्चमध्ये एकाच बाकावर. त्याच्या चेहऱ्यावरची एक सुरकुतीही हलली नाही. एक जवान येऊन म्हणाला, बॉम्बच्या आत नुसती वाळू.
"मीच भरली होती," सेत्तिमियो म्हणाला. "प्रीमोनं नरसाळं धरलं होतं."
मग शिडी कशाला, तेही सांगून टाकलं. पहाटे अंजिरं बरी सापडतात. मुरांबाही तोच करतो, लोरेत्ता त्याच्याकडून नेते.

१९ फेब्रुवारी
अर्ज मंजूर. देश जगाला बॉम्ब मोडा म्हणून सांगणार. रशिया-अमेरिकेचा अजून निरोप नाही, लाजले असतील. भिंत बोडकी दिसते. लोरेत्ता नातीला घेऊन आलीय.
दारात सेत्तिमियो बरणी घेऊन बेल वाजवतोय. मी उठणार नाही. लोरेत्तानं दार उघडावं, सासूबाई घरात नाहीत म्हणून सांगावं. बरणी मात्र घ्यावी.