शाळेच्या लिंबाबद्दल

बाई, लिहायला फार उशीर झाला, माफ करा. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली असतील आणि मी आत्ता कागद घेऊन बसलोय. अक्षर वाईट आहे. चौथीनंतर तुम्ही दोनदा घरी येऊन वडिलांना समजावलंत, तरी त्यांनी मला औतामागे घातलं, मग लिहायची सवय कुठून राहणार? आज लिहितोय, कारण शनिवारी मला आपल्या शाळेत बोलावलंय आणि दोन दिवस झाले, अन्न गोड लागत नाही.

माझी नात तिसरीला आहे. परवा ओट्यावर बसून ती परिसर अभ्यासाची वही मोठ्याने वाचत होती. पाणी वाया घालवू नये, पालापाचोळा जाळू नये, असलंच सोपं सोपं, तुम्ही शिकवायचात तसलं. ऐकायला बरं वाटत होतं. मग तिने वाचलं, "आपल्या शाळेत पूर्वी मोठा कडुलिंब होता. एका उन्हाळ्यात बाई गावाला गेल्या आणि झाड वाळले. म्हणून झाडाला रोज पाणी द्यावे." मी विचारलं, "हे कुणी लिवलं गं?" तर म्हणाली, "सरांनी फळ्यावर दिलं. आबा, शनिवारी तुमी त्यावर बोलायला यायचं हाय. तुमी लावला हुता ना तो? मी सगळ्यांना सांगितलंय." मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

लावला होता हे खरं. मला अजून दिसतं. आपण सगळे पाट्या घेऊन रांगेत उभे आहोत. पाटी धुवायची ती लिंबाच्या आळ्यातच, असा तुमचा नियम. गावात प्यायला पाणी नाही, हंडाभर पाण्यासाठी आया भांडतायत, आणि आमच्या पाट्यांचं काळं पाणी त्या वीतभर रोपाला मिळतंय. तांब्यात उरलेला घोटसुद्धा तिथेच. एकदा मी त्याची फांदी मोडली, शेळीला हाकायला. तुम्ही मारलं नाहीत. मला शेण आणि माती कालवायला लावलीत आणि मोडल्या जागी लिंपायला लावलीत. म्हणालात, "याला रडता येत नाही म्हणून दुखत नाही असं समजू नकोस." मी मात्र रडलो. पोरं हसली, त्यावर तुम्ही म्हणालात, "हसू नका रे, तो शिकला."

शिकलो नव्हतो, बाई. लिंब मोठा झाला, माझ्या पोरांनीही त्याच्याखाली बाराखडी गिरवली. पण शाळेच्या भिंतीला लागून माझं रान. सकाळभर त्याची सावली वाफ्यांवर पडायची, तेवढ्या जागेत कांदा पोसायचा नाही, बारीक राहायचा. फांद्या तोडू द्या म्हणून मी शाळेत विचारलं, कुणी दाद दिली नाही. आमच्याकडे नको असलेलं झाड कसं घालवतात ते तुम्हाला ठाऊक असेल. उघड कुऱ्हाड लावत नाहीत. सुट्टी लागली, तुम्ही पंधरा दिवस लेकीकडे गेलात, आणि मी भरदुपारी गिरमिटाने माझ्या बाजूने बुंध्याला भोकं पाडली, त्यात हिंग ठासून भरला. वरून शेण आणि माती लिंपली. हात आपोआप कालवत होते. संध्याकाळी बायको डबा उपडा करून म्हणाली, "आमटीला चिमूटभर हिंग न्हाई. खाल्ला का काय?" मी शाळेच्या भिंतीकडे बघितलं तशी ती उठून तिथपर्यंत जाऊन आली. "आता बाईंस्नी कंचं तोंड दावणार?" एवढंच बोलली.

तुम्ही आलात तेव्हा पानं पिवळी पडायला लागली होती. नोकरी संपून तीन वर्षं झालेली, गुडघे धरलेले, तरी चर्चमागच्या तुमच्या खोलीपासून तुम्ही रोज डबडं भरून पाणी आणत होतात. मी पुढे होऊन डबडं घेतलं. हो, मीच ते पाणी ओतलं. तुम्ही म्हणालात, "माझंच चुकलं रे. याला सोडून जायला नको होतं." आणि मी म्हणालो, "व्हय बाई, औंदा ऊनच लई हुतं." मग बुंध्यावरून हात फिरवताना तुमची बोटं लिंपणावर थांबली. "इथं माती कुणी लावली?" मी म्हणालो, "मीच. साल निघाली हुती." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "शाबास," म्हणालात. "लक्षात ठेवलंस."

एवढं मोठं झाड पंधरा दिवसांत वाळतं का, बाई? तुम्हाला कळलं नसेल असं मला वाटत नाही. आणि कळलं असेल असं वाटलं की बसल्या जागी घाम फुटतो. पुढेही तुम्ही पाणी आणतच राहिलात, सगळा पाला झडून गेल्यावरसुद्धा. तुमच्या मातीला आलो तेव्हा लोक म्हणत होते, बाईंनी त्या लिंबाचा घोर घेतला. मीही मान हलवली. आता पोरांच्या वहीत चूक तुमची आहे आणि झाड लावणारा मी आहे.

खरं सांगितलं तर नात भर वर्गात खाली मान घालील. रोज शाळेतून आली की आधी माझ्याजवळ बसते, ते बंद होईल. नाही सांगितलं तर ती पोरं तुमची चूक पाठ करून मोठी होतील. दोन्ही मला सोसत नाही. बायको असती तर तिला विचारलं असतं, पण तीही गेली. हा कागद टाकायचा तरी कुठे? घडी घालून उशीखाली ठेवीन, झालं.

एक कबूल करतो. काल शेताकडे जाताना मी बोलण्याची तयारी करून बघितली. दोनदा केली. दोन्ही वेळा तोंडातून त्या वर्षीचं ऊनच आलं. पोरांसमोर उभा राहिलो की तेच येईल, बाई. शनिवारची शाळा सकाळची असते. त्याच्या आत काहीतरी कळवा.