हरभऱ्याची आंब

मु. बाभूळवाडी, ता. नेवासा
८ डिसेंबर १९७३

सौ. पुष्पावती हीस,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं मायलेक खुशाल, तिकडची खुशाली कळवावी. मेहुणे कानिफनाथ यांस रामराम. पत्र त्यांच्या नावावर टाकलं आहे, म्हणजे ते लिंबाखाली बसून आल्या-गेल्याला ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचणार. तेव्हा त्यांचा रामराम आधी उरकला.

तुझं नाव लिहिताना हात अडखळला. लग्नात नाव घेतलं, त्यानंतर आजच. घरात तुला दुसरीच हाक मारायची सवय.

तू भाऊबीजेला गेलीस तेव्हा हरभरा बोटभर होता. आता गुडघ्याला लागतो आणि कुठंकुठं निळसर फूल दिसू लागलं आहे. विहिरीला पाणी भरपूर. गेल्या साली याच दिवसांत तळातले दगड दिसत होते आणि आपण दुष्काळी कामावर खडी फोडत होतो. लाल गाय व्याली, कालवड झाली. आईचे गुडघे थंडीनं धरले आहेत, तोंड मात्र मोकळं आहे.

आता एक गंमत. शेजारच्या सहादेवाचं पोट दिवाळीपासून बिघडलं आहे. रोज दारात उभा. "वैनी आसत्या तर आंब दिली आसती. एवढा हरभरा आन घरात आंब न्हाई म्हंजी काय म्हनावं?" शेवटी म्हटलं, आपणच धरू. कानिफनाथ, तुमच्या खडकावर हरभरा कुठला, म्हणून तुम्हाला सांगतो. संध्याकाळी हरभऱ्यावर फडकं अंथरायचं. रात्रभर दव आणि पाल्याचा आंबटपणा त्यात उतरतो. सकाळी ऊन पडायच्या आत ते पिळायचं. जे निघतं ती आंब. पोटदुखीवर आणि तोंडाची चव गेलेल्या माणसावर तिच्यासारखं औषध नाही.

फडकं सापडेना. खुंटीवर लग्नातला फेटा होता, तोच पसरला. सकाळी पिळला तर आंब गुलाबी! वर ती मी पितळी तांब्यात धरली, तेव्हा दुपारपर्यंत कळकून हिरवट झाली. सहादेवानं वास घेतला आणि म्हणाला, "सूर्यभान, तुजं औषिद बघून दुखनं पळालं बग." आई तर दिवसभर हसायचं सोडून चिडत होती. "फेटा आंथरलाय! लगीन हाय का रं हरभऱ्याचं?"

तर विचारायचं ते एवढंच, की आंबेचं फडकं कुठं ठेवलं आहेस? शोधलं, सापडत नाही.

बाजारात कानिफनाथ भेटले तेव्हा म्हणाले, तू दोन घास खाऊन ताटावरून उठतेस. तसं करू नकोस. थंडीत अंगात अन्न हवं.

बाकी ठीक.

सूर्यभान

———

२३ डिसेंबर १९७३

सौ. पुष्पावती हीस,

आशीर्वाद. तुझं कार्ड पोचलं. दोनच ओळी. 'फडकं कुठं आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. पुढचं पत्र माझ्या नावावर टाका, माझं मी वाचते.' चौथीपर्यंत शिकलेल्या बाईनं सातवी फायनल झालेल्या माणसाला गप्प करावं ते असं. म्हणून हे तुझ्या नावावर.

ठाऊक आहे. माझं जुनं धोतर, दर हिवाळ्यात हरभऱ्यावर पडून आणि धुऊन धुऊन मऊसूत झालेलं. आपली पोरगी झाली तेव्हा तू म्हणालीस, बाळाच्या अंगाला याच्याइतकं मऊ काही नाही, आणि फाडून त्याचं दुपटं शिवलंस. चालायला लागल्यावरही तिनं ते सोडलं नाही. घरभर, अंगणभर ओढत हिंडायची. भादव्यात ती गेली, आणि तू ते तसंच, न धुता, पेटीत ठेवून कुलूप घातलंस. किल्ली देव्हाऱ्यात टाकलीस. मी उंबऱ्यात उभा राहून बघत होतो. त्यानंतर आपण दोघं गाईबद्दल बोललो, पेरणीबद्दल बोललो, आणि दिवाळीला तू माहेरी गेलीस ती राहिलीसच.

लिंबाखाली वाचलं जाईल म्हणून मागच्या पत्रात हे लिहिलं नाही, अशी मी माझी समजूत घातली होती. खरं तर कोणी वाचणार नसतं तरी लिहिता आलं नसतं.

पुष्पा, मला पावसाचा राग आला होता. पोरीनं दुष्काळ काढला. खडीच्या ढिगाशेजारी बसून सरकारी सुकडी खाल्ली, धूळ खाल्ली, हसत राहिली. आणि विहीर भरली त्या महिन्यात साध्या तापानं गेली. लोक म्हणत, यंदा देवानं दिलं. मी मान हलवायचो. हरभरा पेरला तो हातांना सवय म्हणून. उगवला तेव्हा बरं वाटलं नाही. कशाला उगवतोस, असंच मनात आलं.

आता तुला सांगायचं ते निराळंच आहे, आणि ते नीट सांगता येईल की नाही कोण जाणे.

फेट्याची फजिती झाल्यावर मी अंगावरचं धोतर धुऊन अंथरायला लागलो. दाट विणीचं आहे, आंब फार धरत नाही. पण रोज जातो. पहिल्या दिवशी आईनं बांधावरून आरडाओरडा केला. "आरं हळू! ढांगा काय टाकतूस? दव सांडतंय समदं." हरभऱ्यातून असं जायला हवं की झाड हलू नये. मग पाय कुठं पडतो ते बघावं लागतं. एक पाऊल टाकायचं, थांबायचं. पाल्यावर दवाचा थेंब असतो, त्याला धक्का लागू द्यायचा नाही. तोंडातून वाफ निघते ती दिसते. नदीच्या अंगाला धुकं, त्यात कुठंतरी टिटवी ओरडते, मग तीही गप्प होते.

फडक्याशी पोचल्यावर लगेच पिळत नाही मी. बांधावर टेकतो. ऊन यायला वेळ असतो. श्वास आत जातो तो गार, बाहेर येतो तो ऊन, एवढं कळत असतं. दुसरं काही नाही. भादव्यापासून डोक्यात एक जातं रिकामंच फिरत होतं. डॉक्टरला आधी दाखवलं असतं तर, रात्रीच गाडी जुंपली असती तर. ते जातं तेवढा वेळ थांबतं.

हे पहिल्यांदा ध्यानात आलं तेव्हा मी घाबरलो. म्हटलं, एवढ्यात विसरलो की काय पोरीला? आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "इसरला न्हाईस. दम खाल्लास. बैल बी बांधाला आला की दम खातो. म्हनून काय नांगर टाकून पळतो व्हय?"

तेव्हापासून मी रोज दम खातो. तुलाही सांगतो, तिकडे मळा नसेल तर अंगणात बस. उजाडायच्या सुमाराला, गोधडी घेऊन. काही करू नकोस. नुसती बस.

काल तिथं बसलो असताना दोन सालांमागचा हिवाळा आठवला. तू खुरपत होतीस. पोरगी बांधावर बसून पाल्यावर बोट फिरवायची आणि ते तोंडात घालायची. एक डोळा मिटायची, सगळं तोंड गोळा करायची, अंग शहारायचं. आपल्याला वाटायचं आता रडेल. तर म्हणायची, "आनखी." तू खुरपं टाकून हसत सुटायचीस. तुझं ते हसणं हरभऱ्याच्या पार पलीकडच्या बांधापर्यंत ऐकू यायचं.

हे आठवलं आणि मला रडू आलं नाही, बरं वाटलं. त्याचंही नवल वाटलं.

पेटीला मी हात लावणार नाही. तिचा वास त्यात आहे आणि एका रात्रीच्या दवात तो निघून जाईल. तू न धुता ठेवलंस ते त्याचसाठी. तू सांगितल्यावाचून कुलूप निघणार नाही. सहादेवाला ओव्याच्या पाण्यावर ठेवलं आहे, तक्रार करत पितो.

जेवत जा.

सूर्यभान

———

१० जानेवारी १९७४

छबूच्या आईस,

ही हाक भादव्यापासून मारली नव्हती. तुला पुष्पावती म्हणताना परक्या बाईला पत्र लिहितो आहे असं वाटायचं. आणि ही हाक मारावी तर तुला लागेल, म्हणून भीती. आज लिहून टाकली. छबू. एवढंच तर नाव, दोन अक्षरं, आणि आपण दोघांनी घरात ते उच्चारलं नाही.

तुझं दुसरं कार्ड आलं. 'पेटी उघडा. हलक्या हातानं पिळा.' मी ते विहिरीवर उभं राहून वाचलं आणि मोट चालायची थांबली. बैल माझ्याकडे बघत राहिले.

दोन दिवस मी किल्लीकडे नुसता बघत होतो. तिसऱ्या दिवशी आईनंच देव्हाऱ्यातून काढून हातात दिली. "तिनं सांगितलंय न्हवं? मग तिचं तरी ऐक." पेटी उघडली. वर तिची कुंची, खाली बांगड्या, तळाला दुपटं. वास आला. वेखंडाचा, खोबरेल तेलाचा आणि तिचा. मी तोंड त्यात घातलं आणि किती वेळ तसा बसलो ते सांगता येत नाही. आई दाराकडे पाठ करून बसली होती.

दिवस कलल्यावर मळ्यात नेलं. हरभरा आता फुलानं भरला आहे, खालून घाटे धरू लागले आहेत. मध्यावर, जिथं पाला दाट आहे, तिथं अलगद पसरलं. पसरताना हात मागं येईना. दुपटं पसरायचं आणि त्यावर कोणी ठेवायचं नाही, हे माझ्या हातांना समजत नव्हतं.

सकाळी आईही आली, गुडघे धरत धरत. हळू हळू गेलो. धुकं होतं. दुपटं पाल्यावर तसंच होतं, दवानं चिंब. दोन्ही हातांनी उचललं. छबूच्या आई, ते जड झालं होतं गं. झोपलेल्या लेकराला उचलावं तसं हातात आलं. आणि तेव्हा मी रडलो. ती गेली त्या दिवशी रडलो नव्हतो, लोक होते, सगळं मलाच बघायचं होतं. तेव्हाचं राहिलेलं सगळं बांधावर बसून रडून घेतलं. आई जवळ आली नाही. नाक पुसत लांब उभी राहिली आणि माझं झाल्यावर म्हणाली, "पीळ आता. ऊन यायलंय."

हलक्या हातानं पिळलं. तू म्हणालीस तसंच. खाली चिनी मातीची बरणी धरली, तांब्या नव्हे, तेवढी अक्कल आली आहे. पिवळसर, स्वच्छ आंब निघाली. बोटाला लागलेली मी सहज चाटली. काय आंबट! एक डोळा आपोआप मिटला, तोंड गोळा झालं, अंग शहारलं. समोर आई बघत होती. ती एकदम हसायला लागली. भादव्यानंतर पहिल्यांदा. पदरानं डोळे पुसायची आणि पुन्हा हसायची. "आगं बाई! तसंच तोंड केलंस की रं. थेट छबूवानी!"

मी म्हणालो, "आनखी." आणि पुन्हा चाटली.

एवढंच झालं. मोठं काही नाही. पण घरी येताना मळ्याकडे पाहिलं, आणि हा हरभरा उगवला ते बरं झालं असं पेरल्यापासून पहिल्यांदा वाटलं. पावसावरचा राग कुठं गेला ते मला माहीत नाही. परत येईलही. आला तर सकाळी जाऊन बसेन.

हे पत्र आणि सोबतची बाटली सहादेव घेऊन येतो आहे. त्याचं पोट बरं झालं. पहिला मान त्याचा म्हणून चमचाभर दिली, तर म्हणाला, "ही खरी आंब. त्या गुलाबीला आंब म्हननारा शाना कोन?" आता गावभर सांगत हिंडतो की आमची वैनी घरी नाही तरी आंब तिच्या हातची आहे. मीही नाही म्हणत नाही. तुझ्याच सांगण्यानं पिळली ना? बाटलीतली आंब जेवणाआधी थोडीशी पाण्यातून घे. तोंडाला चव येईल. कडू-गोड काही वाटलं तरी टाकू नकोस. तिच्या दुपट्यातली आहे.

दुपटं मात्र पाठवत नाही. ते रोज संध्याकाळी माझ्या खांद्यावर मळ्यात जातं आणि सकाळी घरी येतं, ती जात-येत होती तसंच. दिवसा अंगणात दोरीवर वाळतं. काल वारा सुटला होता, तर आईनं धावत जाऊन काढलं आणि छातीशी धरून आत आणलं.

आता त्याला हरभऱ्याचा आंबूस वास येतो. त्याखाली छबूचा वास अजून आहे की गेला, ते मी नाक लावून लावून पाहिलं. मला ओळखू येत नाही. आई म्हणते, हाय. पण आईला पडसं झालं आहे, तिचं काय धरायचं! ते सांगावं तर तूच.

संक्रांत झाली की मी शेवगावच्या एस.टी.नं तिकडे येतो. नवरा न्यायला आला म्हणून तू मुकाट पिशवी उचललीस, तर मला ते नको. चार दिवस राहीन, तुझ्याबरोबर उजाडताना अंगणात बसेन. तिच्याबद्दल बोलू, नाहीतर गप्प बसू. आणि एखाद्या सकाळी तुला वाटलं, की जाऊन त्या दुपट्याचा वास घ्यावा, तर आपण निघू. हरभरा काढायला अजून वेळ आहे. दव अजून पडतं आहे.

छबूचा बाप,
सूर्यभान