सातचा ओंडका

सोमवार, ४ मार्च

आग लागो त्या कंपनीला! अकरा वर्षं जो खेळ खेळतेय, त्याचा म्हणे दुसरा भाग आलाय. ३१ तारखेपर्यंत आपलं पात्र तिकडे हलवा, नाहीतर जुन्यातच बसा. एकदा हलवलं की जुना खेळ आपल्याला कायमचा बंद. आमच्या टोळीचा म्होरक्या (एरवी लिफ्ट दुरुस्त करतो) नाचायलाच लागला. "अहो, पाण्यात ढगांचं प्रतिबिंब दिसतं!" दिसू दे की. मला काय ढगांत पोहायचंय?

आणि खरी मेख पुढेच. नव्या खेळात वैद्यच नाही! जखम झाली की ज्याने त्याने आपापली बाटली प्यायची. मी अकरा वर्षं टोळीची वैद्य. मला काय मिळणार तर तलवार! मी तलवार घेऊन काय करू, भाजी चिरू?

मंगळवार, ५ मार्च

नवऱ्याला सांगितलं. "खेळच आहे गं तो." — याच्या मॅचला मी असं म्हटलं तर तीन दिवस तोंड फुगवून बसेल.

शुक्रवार, ८ मार्च

लिहूनच टाकते. इथे कोण वाचायला येतंय?

टोळीत एक ढाल्या आहे. सगळ्यांच्या पुढे ढाल घेऊन उभा राहतो, मार खातो, मी मागून औषध देते. हा ढाल्या म्हणजे माझा सख्खा धाकटा भाऊ. आई गेल्यापासून, सहा वर्षं, आमचं बोलणं नाही. शेवटच्या आजारपणात आईनेच बजावलं होतं, "त्याला कळवू नकोस, नोकरी नवीन आहे त्याची." मी नाही कळवलं. तो पोचला तेव्हा सगळं संपलं होतं. दारातच म्हणाला, "तू मुद्दाम केलंस." मग मीही तोंडाला येईल ते बोलले. तेव्हापासून फोन नाही, येणं-जाणं नाही. फक्त रोज संध्याकाळी सात वाजता, खेळात, टाइप करून — "मागे हो." "औषध." "दिलं." मला ताई नाही म्हणत, वैद्य म्हणतो. ठीक आहे. धडधाकट आहे एवढं तरी कळतं.

आमच्या तळावर एक शेकोटी आहे. शेवटी उठेल त्याने एक ओंडका टाकायचा, हा टोळीचा नियम. चोवीस तासांत कुणीच टाकला नाही तर शेकोटी विझते आणि तळ मोडतो. कुणी कधी टाकला त्याची यादी कंपनीच्या साइटवर दिसते. बहुतेक ओंडके आम्हा दोघांचेच. दोघंही आधी उठायला तयार नसतो ना!

शनिवार, ९ मार्च

म्होरक्याच्या घरी जाऊन नवा खेळ तासभर बघितला (आपलं पात्र न हलवता, कंपनीच्या नमुना-पात्राने). चकचकीत! प्रत्येक झाडाचं पान न् पान हलतं, पण कुणाला कुणाची गरज म्हणून नाही. पाचजण शेजारी शेजारी उभे राहून आपापल्या बाटल्या ढोसत होते. याला टोळी म्हणतात? बसस्टॉप म्हणतात!

"हळूहळू सवय होते हो," म्होरक्या म्हणाला. त्याच्या बायकोने चहा दिला, तोही पाणचट.

गुरुवार, १४ मार्च

सगळे शेकोटीपाशी जमले. म्होरक्याने एकेकाला विचारलं. चौघं जाणार. मग ढाल्याला विचारलं. त्याने टाइप केलं — "जातोय."

जातोय! माझ्याकडे न बघता! (खेळात बघता येत नाही, ते कळतं मला.) त्याला चांगलं ठाऊक आहे तिथे वैद्य नाही. म्हणूनच चाललाय.

मी लिहिलं, "जा."

तो — "बरं."

आणि गेला. ओंडका न टाकता! मीही नाही टाकला. विझू दे. मी आता त्या खेळाचं तोंड पाहणार नाही.

शुक्रवार, १५ मार्च

कामावर, म्हणजे दातांच्या लॅबमध्ये, एका आजोबांच्या कवळीत डाव्या बाजूचे दात उजवीकडे बसवले. बावीस वर्षांत पहिल्यांदा. मालक कवळी हातात घेऊन म्हणाले, "आजोबांनी काय आरशात बघून जेवायचं का?" सगळे खी खी हसले. मेण वितळवून पुन्हा पहिल्यापासून केलं. बोट भाजलं.

शुक्रवार, २२ मार्च

सात वाजले की हात शिवशिवतात. कपाटं आवरली. नवरा म्हणाला, "फोन कर ना त्याला." मी का करू? लहान तो आहे! नंबर आहे माझ्याकडे. त्याच्याकडेही माझा असेलच की.

बुधवार, २७ मार्च

त्या गाढवाला बाटली प्यायची आठवण राहणार आहे का? लहानपणी गुडघा फोडून यायचा आणि रक्त मोज्यात उतरेपर्यंत सांगायचा नाही. तिकडे दिवसातून दहादा मरत असेल. मरू दे. चांगला मरू दे!

आज जेवण गेलं नाही.

शनिवार, ३० मार्च

हलवलं पात्र. मशीनने तीनदा विचारलं, "नक्की?" तिन्ही वेळा हो म्हटलं. त्याच्यासाठी नाही गेले. चार शब्द सुनावायला गेले.

हातात तलवार घेऊन सगळीकडे शोधला. शेवटी म्होरक्या भेटला. "ढाल्या? तो आलाच नाही हो इकडे. आम्हाला वाटलं, तुम्ही दोघं तिकडेच राहिलात."

साइटवर शेकोटीची यादी उघडली. पेटलेली! १४ तारखेला मी उठून गेल्यावर एक, मग रोज एक ओंडका. सतरा दिवस, सतरा ओंडके, सगळे ढाल्याचे. पहिला सोडला तर वेळ रोज तीच, सात वाजता.

म्हणजे "जातोय" म्हणाला ते मी "नको जाऊस" म्हणावं म्हणून. आणि मी म्हटलं "जा". आता तो तिकडे, मी इकडे, आणि माझी परतीची वाट मीच बंद केली. मीही आईचीच लेक, वेळेवर काही कळवेन तर शपथ!

रविवार, ३१ मार्च

सातला दहा मिनिटं कमी असताना फोन केला. पहिल्याच रिंगला उचलला. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "ताई? थांब हं, आधी ओंडका टाकतो, नाहीतर विझेल."

म्हटलं, "विझू दे रे मेल्या. घरी ये."