समुद्राकडे, रोब्लेदालमार्गे

१२ मे, मंगळवार. सकाळ. वायादोलिद.

निघालो. अखेर निघालो. एकटा, मोकळा, तब्येत उत्तम.

प्लॅन: काहीही प्लॅन नाही, हाच प्लॅन. उत्तरेला जायचं, अस्तुरियासच्या समुद्राकडे. बुकिंग नाही, नकाशा नाही. वाटेत मन म्हणेल तिथे वळायचं. टाइल्सच्या दुकानात उभा जन्म लोकांच्या बाथरूमच्या भिंती सरळ करण्यात गेला. आता जरा वाकडं जायला हरकत नाही.

लेआंद्रो गॅलरीत उभाच होता. ओब्दुलियाचा भाऊ म्हणून माझा मेहुणा, आणि खालच्याच मजल्यावर राहतो म्हणून माझं नशीब. विचारतो, "दाजी, सकाळी सकाळी कुठे?" म्हटलं, वारा नेईल तिकडे. तर म्हणे, "वारा रोब्लेदालला नेणार नाही ना? ताईने निक्षून सांगितलंय, त्यांना इकडे पाठवू नकोस म्हणून." मी नुसता हसलो. रोब्लेदाल नैऋत्येला, समुद्र उत्तरेला. माणसाला थोडा तरी भूगोल यावा.

ओब्दुलिया फेब्रुवारीपासून रोब्लेदालला बहिणीकडे आहे. हवापालट. परत कधी येणार ते बोलली नाही, म्हणजे लवकरच येणार. जास्त दिवस राहायचं असतं तर तसं सांगितलं असतं.

संकल्प: तिला फोन करायचा नाही. जेवणाआधी वाइन नाही. अनोळखी माणसांशी बायकोबद्दल बोलायचं नाही.

त्याच दिवशी, दुपार. तोर्देसियास.

पहिलं उत्स्फूर्त वळण! गावाबाहेर पडलो आणि एक करकोचा गाडीवरून पार नैऋत्येकडे उडत गेला. इतका डौलदार, की त्याच्या मागे गेलो. यालाच स्वातंत्र्य म्हणतात. समुद्र काय, पळून जात नाही.

ज्या बारमध्ये जेवलो तिथल्या संडासाला पिवळ्या टाइल्स, सांधे काळे पडलेले. मालकिणीला तसं सांगितलं. ती म्हणाली, "साहेब, शर्टची बटणं वर-खाली लागलीयत." ओब्दुलिया असती तर घरातच सांगितलं असतं. असो. एक ग्लास वाइन घेतली. जेवणाआधी, पण सूप आलेलं होतं.

१३ मे, बुधवार. सामोरा.

कालची झोप गाडीत. मजा आली. मान वळत नाही.

सकाळी ओब्दुलियाला फोन केला. संकल्प मोडला असं नाही. फोन करणं वेगळं आणि कळवणं वेगळं. मी तिकडे येत नाहीये, तिने उगाच वाट बघू नये, एवढंच कळवायचं होतं. तिने उचलला नाही. छान झालं. मग निरोप ठेवला की मी येत नाहीये. मग वाटलं, आवाज रडका आला असेल. पुन्हा केला आणि खणखणीत आवाजात सांगितलं की मी येत नाहीये. मग नदीकाठी बसून राहिलो.

लेआंद्रोचा फोन. "दाजी, ताई विचारतेय, हे काय चाललंय? सारखं सारखं येत नाहीये, येत नाहीये! न येणारा माणूस गप्प घरी बसतो." तिने विचारलं, हे महत्त्वाचं. मुद्दा नोंदवून ठेवतो.

समुद्रासाठी इथून सरळ उत्तरेला रस्ता आहे. पण माझ्या पुढे बरोबर मेंढरांचा कळप आला. कळपापुढे कोणाचं चालतं? दक्षिणेला वळलो.

१४ मे, गुरुवार. लेदेस्माच्या अलीकडे, एका शेतात.

आजचं वळण जरा जास्तच उत्स्फूर्त झालं. ओकच्या रानात जाणारी सुंदर कच्ची वाट दिसली आणि मी मनाचं ऐकलं. मनाला चिखलाची कल्पना नसते. गाडी चाकांपर्यंत रुतली. आजूबाजूला काळी डुकरं. ती जवळ येऊन बघून गेली. सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव. तो मी लेआंद्रोच्या चेहऱ्यावर पाहिलेला आहे.

दुपारपर्यंत कोणी फिरकलं नाही. सार्डिन माशांचा डबा उघडला. निम्मे खाल्ले, निम्मे शेजारच्या सीटवर ठेवले. नंतर लक्षात आलं, शेजारी कोणी नाही. सवय असते. दोन माणसांच्या घरात माणूस डबा निम्माच खातो, यात विशेष काही नाही. उरलेलेही खाल्ले.

संध्याकाळी एकाने ट्रॅक्टरने ओढून काढलं. त्याने विचारलं, इकडे कुठे निघाला होता? म्हटलं, समुद्राकडे. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "घरी कोणी आहे का तुमच्या? फोन करू का?" म्हटलं, माझी बायको हवापालटाला गेलीय. बायकोबद्दल बोललो तेवढंच. फार तर तासभर.

१५ मे, शुक्रवार. एक गाव. नाव विचारायचं राहिलं.

कॉफीसाठी थांबलो तर सगळी दुकानं बंद आणि सगळं गाव एका घरासमोर. कोणीतरी माझा हात धरला, म्हणालं, "आलात? बरं झालं, या." मी आत गेलो. सेनोन नावाचे गृहस्थ वारले होते. मला भिंतीकडेच्या खुर्चीत बसवलं, हातात कॉफी दिली. आता उठून मी परका आहे म्हणणं वाईट दिसलं असतं. कॉफीही गरम होती.

बसल्या बसल्या रडू आलं. असं आलं की आवरेना. सेनोनच्या सख्ख्या भावाला मागे टाकलं मी. लोक बघायला लागले. भावाने हळूच विचारलं, "आपण सेनोनचे कोण?" म्हटलं, टाइल्सकडून ओळख. त्याने मान डोलावली.

त्यांची बायको, लेओकादिया नावाच्या बाई, कोरड्या डोळ्यांनी बसल्या होत्या. माझ्या शेजारी आल्या, रुमाल दिला आणि म्हणाल्या, "तुम्ही तरी एवढं रडू नका हो. उभ्या संसारात ह्यांनी मला कधी विचारलं नाही, तुझ्या मनात काय चाललंय. एकदाही नाही. मला त्याचीच सवय झाली होती. आता मला कोण विचारणार नाही?"

हे वाक्य मला नीट कळलं नाही. पण गाडीत बसल्यावर किल्ली फिरवता येईना. कॉफी फार कडक असणार.

संकल्प: ओब्दुलियाला विचारायचं, तुझ्या मनात काय चाललंय. समुद्रावरून परत आल्यावर.

१६ मे, शनिवार. सिउदाद रोद्रिगो.

हॉस्टेलवर खोली घेतली. अंघोळ केली. दाढी केली. हनुवटीला कापलं. निळा शर्ट धुवून खिडकीत वाळत घातला. तो तिला आवडतो. पण मी तो घालणार आहे तो समुद्रासाठी.

आरशासमोर उभं राहून थोडं बोलून बघितलं. "ओब्दुलिया, सहजच जात होतो, रस्ता चुकलो." नको. "ओब्दुलिया, मला तुझी आठवण" इथे आवाज गेला. "ओब्दुलिया, मी किचनच्या भिंतींना निळ्या टाइल्स लावायच्या ठरवल्यात, तुला हव्या होत्या तशा." हे चांगलं आहे. ह्यात आदर आहे, योजना आहे, खर्चही फार नाही.

इथून रोब्लेदाल डोंगरापलीकडे. मी तिकडे जाणार नाहीये. पण डोंगर बघायला कोणाची बंदी नाही.

१७ मे, रविवार. दुपार.

डोंगर बघता बघता पलीकडे उतरलो. घाट वाईट आहे. एका वळणावर गाडी थांबवून खाली दरी बघत उभा राहिलो. बराच वेळ. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला तेव्हा भानावर आलो. निसर्ग माणसाला गुंगवतो.

रोब्लेदालच्या खालच्या पुलापाशी पोचलो आणि गाडी कडेला घेतली. म्हटलं, आधी फोन करून अंदाज घ्यावा. तर उचलला कासिल्दाने. ही ओब्दुलियाची धाकटी बहीण. जिभेला हाड नाही. म्हणाली, "दाजी, ताई बाहेर गेलीय. आणि हे बघा, इकडे यायचा विचारसुद्धा करू नका." मी जोरात हसून सांगितलं की येतोय कोण? मी समुद्रावर आहे. अस्तुरियासला. काय लाटा आहेत!

तेवढ्यात चर्चची घंटा सुरू झाली. माझ्या एका कानात फोनमधून, दुसऱ्या कानात टेकडीवरून. ठण ठण, ठण ठण. घंटा संपायचं नाव घेईना.

संपल्यावर कासिल्दा म्हणाली, "छान. अस्तुरियासला आमचीच घंटा ऐकू येते म्हणायची." मग आवाज उतरला तिचा. "पुलापाशी आहात ना? तिथेच थांबा. जेवलात का काही?"

त्याच दिवशी, संध्याकाळ.

भेट झाली. चौकातल्या बारबाहेर बसलो. एकूण चर्चा सकारात्मक.

तिने केस कापलेत. अगदी आखूड. कासिल्दाच्या बागेत चेरी काढायला जाते, बोटं लाल झालीयत. लांबून येताना कोणाशी तरी बोलत हसत होती. मी ओळखलंच नाही. मला बघितल्यावर हसू थांबवलं तिने, तेव्हा ओळखलं.

मी किचनची योजना मांडली. सगळी मांडली, रंग, आकार, सांध्यांचा चुना. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "निळ्या टाइल्स मला कधीच नको होत्या, बाल्दोमेरो. त्या तुझ्या दुकानात उरल्या होत्या."

हे खरं आहे.

मग मी म्हटलं, तू रागावली आहेस. राग निघून जाईल. ती म्हणाली, "मी रागावलेली नाही रे. राग असता तर कधीच परत आले असते, भांडायला."

मी विचारलं, तुझ्या मनात काय चाललंय? विचारलं, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो. तिने माझ्याकडे बघितलं. बाजूच्या टेबलावर पत्ते खेळणारे म्हातारेसुद्धा थांबले. ती म्हणाली, "आत्ता? आत्ता मनात चाललंय की तुझी हनुवटी कापलीय आणि तू बारीक झालायस. आणि मला घरी यायचं नाहीये. दोन्ही चाललंय." माझा हात थोपटला आणि कॉफी संपवली.

मग उठता उठता म्हणाली, "उद्या तू जाशीलच. त्रान्सितो मावशीला बेहारला सोडशील का? वाटेतच आहे तुझ्या."

सोडशील का! मी लगेच हो म्हटलं. आता शांतपणे विचार केला तर याचा अर्थ उघड आहे. ज्याच्याशी संबंध तोडायचे, त्याच्या गाडीत कोणी सख्खी मावशी बसवत नाही. हा विश्वास आहे. आज मावशी, उद्या स्वतः. कासिल्दाच्या माळ्यावर झोपायला जागा दिलीय. झोप येत नाहीये, पण ती आनंदाने.

१८ मे, सोमवार. बेहार.

सकाळी निघालो. ओब्दुलियाने मावशीला पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा स्वतः लावला, आणि खिडकीतून तिच्या कानात काहीतरी सांगितलं. मला म्हणाली, "सावकाश जा." गाडी वळेपर्यंत उभी होती. मी आरशात बघितलं.

मावशी ऐंशीच्या पुढची, काळ्या कपड्यात, मांडीवर चेरीची टोपली. गाव सुटलं आणि तिचं तोंड सुरू झालं. आधी एक गुडघा. मग दुसरा गुडघा. मग पुतणीचं लग्न, त्यात कोकरू कसं कच्चं राहिलं होतं. घाट लागला तशी जास्तच. "अरे, तिकडे दरीकडे काय बघतोस, माझ्याकडे लक्ष दे. कोकरं किती होती सांग बघू?" मी सांगितलं. "चूक. नीट ऐकत नाहीस तू." प्रत्येक वळणावर एक प्रश्न. मी मनात म्हटलं, म्हातारी माणसं, ऐकून घ्यावं. ओब्दुलियाला कळेल, मी किती धीराने ऐकलं ते.

उतार संपला, सपाटी आली, बेहार आलं. विचारलं, मावशी, कुठल्या गल्लीत सोडू? म्हणाली, "बसस्टँडवर सोड."

म्हटलं, स्टँडवर? तुम्हाला घ्यायला कोण येणार?

"मला कोण येणार? बेहारला माझ्या ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही. दुपारची बस पकडून परत जाते. कासिल्दा तिकडे येईल न्यायला."

मला काही कळेना. तुम्ही आलात कशाला मग?

तिने टोपलीवरचं फडकं नीट केलं. म्हणाली, "काल तुझा चेहरा बघितला सगळ्यांनी. ओब्दुलिया म्हणाली, घाटातून ह्याला एकट्याला सोडायचं नाही. कोणीतरी शेजारी बसा आणि सारखं बोलत राहा. कासिल्दा यायला तयार होती, पण तिचं आणि तुझं भांडण झालं असतं. मग मी आले. माझे गुडघे खरंच दुखतात हं, ते खोटं नव्हतं."

मी म्हटलं, म्हणजे तिला माझी काळजी आहे.

"आहे की," मावशी म्हणाली. "काळजी आहे. तेवढीच आहे."

मग आम्ही स्टँडच्या बाकावर बसलो. तिने चेरी दिल्या. दोन खाल्ल्या आणि तिसरी तोंडात असताना जे व्हायचं ते झालं. तिथल्या तिथे, भर स्टँडवर, लोकांसमोर. मावशी म्हणाली, "रड आता. सपाटीवर काही हरकत नाही." आणि पहिल्यांदाच गप्प बसली.

बस आली. गुडघ्यांमुळे तिला पायऱ्या चढवेनात, मी हात दिला. खिडकीशी बसून तिने काचेआडून हाताने खूण केली, जा आता.

कुठे, ते तिने सांगितलं नाही.